मामा सांगतोय ते ऐका

एप्रिलच्या शेवटी मुंबईच्या गोरेगावातून बहिणीचा फोन आला : "दादा, यंदा पोरं सुट्टीभर तुझ्याकडे." तिच्या थोरल्याने तेवढ्यात 'गोरेगावात उन्हाळ्यात मुलांना कुठे न्यावं' असं फोनवर शोधूनही टाकलं आणि मला यादी पाठवली. चित्रनगरी, आरेतलं छोटा काश्मीर, दोन मॉल, एक ट्रॅम्पोलिनचं काहीतरी. खाली प्रश्न : "मामा, यातलं तुझ्या घरापासून जवळ काय?"

मी भूगोलाचा मास्तर. यातलं सगळं तुझ्याच घरापासून जवळ आहे आणि माझ्या घरापासून हजारेक किलोमीटरवर, असं त्याला कळवलं. आमचं गोरेगाव गोंदिया-कोहमारा रस्त्यावरचं, तालुक्याचं. मॉल नाही, पण बाजूला नागझिऱ्याचं जंगल आहे आणि कुठल्याही दिशेला निघालं तरी तलाव, तलाव नाही तर निदान बोडी लागतेच. 'तुम्ही फक्त या, मामा सगळं दाखवतो,' असं मी शेवटी लिहिलं.

बायकोने ते वाचलं. "सगळं म्हणजे काय काय? तुम्ही तरी जंगल शेवटचं कधी पाहिलंत?"

"मुरदोलीच्या जंगलातून माझी नेहमी ये-जा असते."

"एसटीत. झोपून."

पोरं विदर्भ एक्सप्रेसने गोंदियाला उतरली. स्टेशनाबाहेर येताच भाचीने विचारलं, "मामा, इथे कुणी ओव्हन उघडा ठेवलाय का?" मी हसून सांगितलं, की हे काहीच नाही, अजून नवतपा यायचाय. घरी येईपर्यंतच्या रस्त्यात मी त्यांना आमचा जिल्हा १ मे १९९९ला भंडाऱ्यातून कसा वेगळा झाला, नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी कसा बांधला आणि धानाला किती पाणी लागतं ते सांगितलं. भाचा ऐकत होता असं मला वाटलं. त्याच्या कानात यंत्र होतं, हे बायकोने घरी आल्यावर सांगितलं.

पहिला कार्यक्रम सारस. महाराष्ट्रात हा पक्षी उरलाय तो जवळजवळ आमच्याच जिल्ह्यात, आणि उन्हाळ्यात इतर पाणी आटलं की तो मोठ्या तलावांवर हमखास सापडतो. म्हणून परसवाड्याचा तलाव. पहाटे चारला निघायचं ठरलं होतं. निघालो पावणेसहाला, आणि गोंदियात एका गाडीवर चणा-पोहे दिसल्यावर मीच व्हॅन थांबवली. उपाशीपोटी पक्षिनिरीक्षण करू नये, असं माझं मत आहे. त्या मताला आणखी एक प्लेट लागली.

तलावावर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. पाणी मागे सरकलेलं, काठाला भेगाळलेला चिखल. शाळेच्या कपाटातून आणलेली दुर्बीण डोळ्याला लावली (तिची डावी बाजू बंद आहे) आणि देवाची कृपा, पहिल्याच नजरेत दिसला. दूर, उथळ पाण्यात, बेशरमाच्या झुडपांपलीकडे. उंच, राखाडी अंग, डोकं लालभडक.

"हलू नका," मी कुजबुजलो. "सारस!"

पोरं जागच्या जागी थिजली. आता मास्तर रंगात आला. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच हाच, माणसाएवढा भरतो. अंग राखाडी, डोकं आणि मानेचा वरचा भाग लाल. जोडीने राहतो, जोडीदार सहसा बदलत नाही. नर-मादी मिळून हाक देतात, ती लांबवर ऐकू जाते. उन्हाळी धानाच्या बांद्यांमध्ये चरतो, पावसाळ्यात शेतातच घरटं करतो, आणि म्हणून त्याचं जगणं आमच्या शेतकऱ्याच्या हातात आहे. माझा आवाज जरा भरूनही आला. सारस मात्र वाकलेला. मध्येच सरळ व्हायचा, पुन्हा वाकायचा.

"बघा, कसा एकाग्र आहे. भक्ष्यावर नजर. दुसरं भानच नाही त्याला."

एवढ्यात सारस सरळ झाला, त्याने कानामागची बिडी काढली आणि पेटवली.

बायकोने पदर तोंडाला लावला. भाच्याने माझ्या हातून दुर्बीण हळूच घेतली, उजव्या बाजूने पाहिलं आणि जाहीर केलं, "मामा, सारसाने बनियन घातलंय." राखाडी अंग म्हणजे एके काळी पांढरं असलेलं बनियन, आणि लाल डोकं म्हणजे घट्ट गुंडाळलेला गमछा. एक ढीवर दादा जाळं गोळा करत होते. आमच्याकडे लक्ष जाताच ते चिखल तुडवत काठावर आले. टोपलीत आठ-दहा बोटभर मासे उडत होते, एकाच्या कल्ल्यात शेवाळाचा दोरा अडकलेला. भाची टोपलीतच घुसली.

"सारस पाहाले आले का गुरुजी?" त्यांनी विचारलं. मी शिक्षक आहे हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. बहुधा माझा आवाज तलावभर गेला असावा. "मंग इकडं काहून पाहून राहिले? जोडी तं तुमच्या मांगच्या बांदीत हाय. तुमी आले तवापासून."

आम्ही वळलो. मागच्या हिरव्या बांदीत, आमच्यापासून एका क्रिकेटच्या मैदानाइतक्या अंतरावर, खरीखुरी जोडी उभी होती. एक मान खाली घालून चिखल उकरत होता, दुसरा आमच्याकडे पाहत होता. तेवढ्यात दोघांनी माना वर केल्या, चोची आभाळाकडे धरल्या, आणि असा आवाज काढला की भाचीच्या हातातला मासा परत टोपलीत पडला. पहिला सूर एकाचा, त्याच्या शेपटाला धरून दुसऱ्याचा. मग दोघं निवांत पावलं टाकत बांधापलीकडे गेली.

"मी मघापासून तेच बघत होते," भाची म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू बोलत होतास ना. बाई सांगतात, मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये."

नागझिऱ्याचं फार सांगण्यासारखं नाही. १९७०चं अभयारण्य, २०१३मध्ये नवेगावबरोबर व्याघ्र प्रकल्प झालं, हे मी जिप्सीत बसताच सांगितलं आणि गाइडने "बरोबर आहे सर" असं म्हटलं. त्या सकाळी माझं बरोबर आलेलं तेवढंच. बाकी फेरीत आम्ही गव्याची पाठ, वानरं आणि पुढच्या जिप्सीची धूळ पाहिली. पुढच्या जिप्सीने वाघ पाहिला. पोरांचा धीर सुटू नये म्हणून मी जयची गोष्ट काढली : हा ढाण्या वाघ इथलाच, 'शोले'तल्या नावाचा, २०१३मध्ये पायी चालत उमरेड-कऱ्हांडल्याला गेला, तिथे देशभर गाजला आणि २०१६मध्ये बेपत्ता झाला.

भाचा जरा वेळ विचार करून म्हणाला, "म्हणजे वाघसुद्धा इथून निघून गेल्यावरच फेमस होतो?"

गाइडने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

इज्जत राखायला आता एकच गोष्ट उरली होती : गाकर-भरता. आमच्याकडे सहल म्हणजे गाकर-भरता. गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, त्यात कणकेचे जाड गोळे आणि वांगी-टमाटे भाजायचे, राख झटकून गाकर तुपात बुडवायचा. हे काम पुरुषांचं, असं मी सकाळीच जाहीर केलं आणि बायकोने आनंदाने हात वर केले. जागा निवडली चुलबंद जलाशयाजवळची. सावली, पाणी, मोहाची झाडं. गोवऱ्या घरून नेल्या होत्या. काडेपेटी मात्र राहिली, ती रस्त्यावरच्या एका गुराख्याकडून मागून आणली. वाकून फुंकर मारून मी पहिला धूर काढतो न काढतो, तोच मोटारसायकल थांबली. खाकी शर्टातला तरुण वनरक्षक.

"सर, हे काय करून राहिले?"

"गाकर."

"मे महिन्यात? जंगलात? पायाखाली पाहा."

पायाखाली सागाची वाळलेली पानं, घोट्यापर्यंत. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ असतो, मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कोणी झाडाखालचा पालापाचोळा पेटवतं आणि तेवढ्यावरून डोंगर जळतात, हे मी नववीला प्रश्न म्हणून विचारलेलं आहे. चार गुणांना. त्याने तेच उत्तर मला तोंडी दिलं. चारपैकी चार द्यावे लागले असते. आम्ही गोवऱ्यांवर पाणी ओतलं, भाच्याने माती लोटली, आणि हात लावून गार झाल्याची खात्री केल्याशिवाय तो पोरगा हलला नाही.

"जागेचं नावच चुलबंद," बायको कणकेचा डबा झाकत म्हणाली. "तुम्हाला आणखी कशी पाटी हवी होती?"

घरी परतलो. अंगणात आईने जगरा पेटवला. मी पुढे झालो, तर तिने चिमटा माझ्याकडून घेऊन भाचीच्या हातात दिला. माझे गाकर बाहेरून कोळसा, आत कच्ची कणीक. भाचीचे फुगून तडकलेले, त्या फटीत तूप उतरणारे. मी माझे निमूट खाल्ले. खरं तर एकच खाल्ला, उरलेले कुत्र्याला घातले. कुत्र्याने एक हुंगला आणि कूलरखाली जाऊन झोपलं.

रात्री अंगणात खाटा टाकल्या. आई पोरांना सांगत होती, की चारोळी कुठल्या टेकडीवर पिकली असेल, टेंभरं कुठली गोड आणि कुठली तोंडाला मिठी मारणारी, तेंदूपत्ता तोडायला बाया पहाटे किती वाजता निघतात आणि आपण त्यांच्यामागे कसं जायचं. सत्तरी ओलांडलेली ही बाई कधी नकाशा उघडत नाही. भाच्याच्या कानातलं यंत्र उशीशेजारी पडलेलं होतं.

"टेंभुर्णीचं शास्त्रीय नाव माहीत आहे का?" मी माझ्या खाटेवरून विचारलं.

कोणी उत्तर दिलं नाही. सकाळी उठलो तेव्हा फ्रिजवरच्या माझ्या छापील कार्यक्रमावर भाचीने स्केचपेनने नवा लिहून चिकटवला होता. गाइड : आजी. डबा : मामी. फोटो : दादा. मासे विचारणे : मी. मामा सगळ्यात खाली, ड्रायव्हर म्हणून. आणि कंसात अटही होती, की गाडीत बोलायचं ते फक्त पेट्रोल पंपावर.