अंगठाबहाद्दर

आमचा मावसभाऊ बोसन आहे, म्हणजे बोटीच्या डेकवरच्या खलाशांचा मुकादम. वर्षातले आठ-नऊ महिने दर्यावर, उरलेले रत्नागिरीत, आणि त्यातले निम्मे कागद गोळा करण्यात. पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, मेडिकल, पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड, आग विझवता येते याचं सर्टिफिकेट, बोट बुडाली तर काय करायचं याचं सर्टिफिकेट. घराला आग लागली तर वहिनी आधी ही फाइल बाहेर काढेल आणि मग दादाला हाक मारेल.

गेल्या सुट्टीत त्यानं फाइलीतून एक गुळगुळीत कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. "बायोमेट्रिक आहे. आत चिप आहे. चिपेत मी आहे."

या कार्डाचं मूळ जीनिव्हातलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1958 साली 108 क्रमांकाचा करार करून खलाशाला ओळखपत्र दिलं. नाव, जन्म, राष्ट्रीयत्व, अंगावरच्या खुणा, फोटो आणि सही. सही येत नसेल त्यानं अंगठा लावावा. शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा सरळ कागद.

मग 2001 चा सप्टेंबर आला. आदळली विमानं, आणि संशय गेला बोटीवर कांदे चिरणाऱ्या कुकवर. जून 2003 मध्ये 185 क्रमांकाचा नवा करार झाला आणि सगळ्यांच्या बोटांचे ठसे बारकोडात गेले. 1958 साली ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा घेत. 2003 साली कॅप्टनसकट सगळी बोट अंगठाबहाद्दर झाली.

यात एक अडचण होती, ती दादाच्या हातांची. वीस वर्षं दोरखंड ओढून, गंज ठोकून आणि थिनरनं रंग पुसून त्याच्या बोटांवरच्या रेषा कधीच्या समुद्रार्पण झाल्या आहेत. शिवाय पासपोर्ट वाचणारी यंत्रं बंदरोबंदरी होती, हा बारकोड वाचणारी फारशी नव्हती. म्हणून 2016 साली दुरुस्ती झाली: बोट नको, चेहरा द्या, चिपमध्ये.

भारतानं करार मान्य केला ऑक्टोबर 2015 मध्ये. चेहऱ्याची माहिती असलेलं खलाशी ओळखपत्र जगात पहिल्यांदा काढलं तेही आपणच, मार्च 2020 मध्ये. मुहूर्त कुणी काढून दिला माहीत नाही. चेहरा ओळखणारं कार्ड आलं आणि अख्ख्या जगानं तोंडाला मास्क लावला. त्या वर्षअखेरीस नोकरीचा करार संपूनही सुमारे चार लाख खलाशी बोटींवरच अडकून होते. ते कोण आहेत याबद्दल कुणाचीच शंका नव्हती. उतरू मात्र कुणी देत नव्हतं.

185 क्रमांकाचा करार मी वाचला आहे, आणि फार प्रेमळ आहे तो. सहाव्या कलमात म्हटलंय की हे ओळखपत्र असलेल्या खलाशाला किनाऱ्यावर पाय मोकळे करायला व्हिसा मागू नये. लगेच पुढे म्हटलंय की ज्या देशाला हे जमणार नाही, त्यानं साधारण याच तोडीची दुसरी सोय करावी. 'लग्नाला नक्की येतो, नाहीतर आहेर पाठवतो' म्हणण्यातली ही गत. अमेरिकेनं तर करार मान्यच केलेला नाही. तिथे व्हिसा नसेल तर ह्यूस्टन दिसतं ते डेकवरून.

तिसऱ्या कलमात आणखी गंमत आहे. कार्डातली जी माहिती डोळ्यांना दिसत नाही, ती तपासायला खलाशाला सहज यंत्र मिळालं पाहिजे. मी दादाला विचारलं, "तू कधी वाचलंस, आत काय लिहिलंय?"

"मी कशाला वाचू? मला माहितीये मी कोण ते."

चौथ्या कलमानं प्रत्येक देशाला चोवीस तास, सातही दिवस उत्तर देणारी जागा ठेवायला लावलीय. कुठल्याही बंदरातल्या अधिकाऱ्यानं मध्यरात्री फोन करून विचारावं, हा तुमचाच का? पोरीचा आवाज ऐकायला स्वस्त सिम कार्ड कुठे मिळेल, हे मध्यरात्री विचारायची सोय मात्र कुठल्याच कलमात नाही.

दादानं एका बंदरातली गोष्ट सांगितली. बंदर म्हणजे काय, कंटेनर उतरवून चौदा तासांत निघायचं. हा कार्ड खिशात घालून गँगवेच्या, म्हणजे धक्क्यावर उतरायच्या शिडीच्या, तोंडाशी उभा. खाली पहारेकरी मान हलवतोय, नाही म्हणून. तेवढ्यात धक्क्यावरचं एक मांजर गँगवेनं वर आलं, गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, जाऊन मासळीची डोकी खाल्ली, आणि मिशा पुसत परत खाली उतरून शहरात गेलं. "दोनदा सीमा ओलांडली त्यानं," दादा म्हणाला, "आणि फोटोसुद्धा नव्हता त्याच्याकडे."

निघायच्या आदल्या दिवशी दादा रेशन आणायला गेला. दुकानदार शाळेपासूनचा दोस्त. मशीनवर अंगठा ठेवला, नाही लागला. पुसून ठेवला, तेल लावून ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला. दादानं ऐटीत चिपवालं कार्ड काढलं. दोस्तानं ते उलटंसुलटं पाहिलं. "मी ओळखतो रे तुला. मशीन ओळखत नाही, त्याला मी काय करू?"

वहिनीला बोलावून घेतलं. तिचा पहिल्या झटक्यात लागला.