बाबांची अपॉइंटमेंट

हल्ली साताऱ्यातल्या सुशिक्षित बापाला पोराला घेऊन नुसतं बाहेर पडता येत नाही. ‘क्वालिटी टाइम’ काढावा लागतो. आधी मोबाइलच्या कॅलेंडरवर रविवार अडवायचा, मग कास पठाराचं ऑनलाइन बुकिंग. युनेस्कोनं २०१२ साली पठाराला जागतिक वारसा ठरवलं, तेव्हा बापलेकाचं नातंही त्याच दर्जाचं हवं! तिथं बापाचे वीस फोटो. पोरगं फुलांकडे पाठ करून मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवं बसलेलं. ‘अरे, एन्जॉय कर ना!’

सांगलीत आमचे वडील सायकलच्या नळीवर टॉवेल गुंडाळून मला दळणाला न्यायचे. वाटेत आयर्विन पुलावर थांबून कृष्णेचं पाणी किती चढलंय ते बघायचं आणि गिरणीतून पांढऱ्या भुवया घेऊन परतायचं. त्याला नाव नव्हतं. विचारलं असतं तर म्हणाले असते, ‘घरात तुझी कटकट नको म्हणून नेलं.’

कासहून परतताना बापाची स्कूटर पंक्चर झाली. ट्यूब पाण्यात बुडवताच बुडबुडे आले आणि पोरगं टाळ्या पिटू लागलं. ‘बाबा, पुढच्या रविवारी पण पंक्चर करूया?’

बापानं लगेच कॅलेंडर उघडलं. पुढचा रविवार भरलेला होता.