लेक व्ह्यू आणि एक पिंप

डोंबिवलीत अर्धं आयुष्य काढून आम्ही पवईला, हिरानंदानीत राहायला आलो, तेव्हा नातेवाईक म्हणाले, "सुटलात बाबा!" सुटलो खरे, पण तक्रार करायची सवय काही सुटेना. पाणी, लोकल, खड्डे आणि वीज या विषयांवर अस्सल डोंबिवलीकर झोपेतही बोलू शकतो. इथे नळाला चोवीस तास पाणी, रस्ते गुळगुळीत आणि इमारतींना चक्क रोमन खांब. वीज गेली तरी जनरेटर ते कळू देत नाही. माणसानं बोलायचं तरी कशावर?

पण श्रीमंत वस्तीत तक्रारी संपत नाहीत, फक्त त्यांचा दर्जा सुधारतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं लिहिलं होतं, की कारंज्याच्या आवाजानं सकाळचं ध्यान मोडतं. दुसऱ्यानं ताबडतोब कळवलं, की तोच आवाज संध्याकाळी पुरेसा येत नाही. कुत्र्यांना मुख्य लिफ्टनं न्यावं की सर्व्हिस लिफ्टनं, यावर दिवाळीपासून होळीपर्यंत वाद चालला. कामाला येणाऱ्या ताईंनी कुठल्या लिफ्टनं यायचं, यावर मात्र कधीच वाद होत नाही. ते आधीच ठरलेलं आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभेत मुख्य विषय होता, लॉबीत सुगंध कोणता असावा. गवती चहाचा पक्ष आणि चंदनाचा पक्ष समोरासमोर बसले. मी उदबत्ती सुचवली. इतिवृत्तात त्याची नोंद नाही.

पवईतला खरा विनोद मात्र तलाव आहे. इंग्रजांनी तो १८९१ साली मुंबईची तहान भागवायला बांधला आणि पाणी पिण्यालायक नाही असं निघालं. आज त्यात मगरी राहतात, जलपर्णी माजते, आणि मुंबईनं नाकारलेलं हे पाणी खिडकीतून नुसतं दिसावं म्हणून लोक चौरस फुटामागे जादा पैसे मोजतात. आमच्या खिडकीतून तो दिसतो, पण न्हाणीघराच्या, आणि तोही स्टुलावर चढल्यावर. एजंटनं तेवढ्यावर भाडं वाढवून घेतलं. या तलावाच्या काठानं महापालिकेनं सायकल ट्रॅक बांधायला घेतला, तेव्हा आयआयटीतले संशोधक विद्यार्थी कोर्टात गेले. २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवला. अख्ख्या पवईतली ही एकच तक्रार मला डोंबिवलीच्या तोडीची वाटली.

जमिनीची कथा तर याहून भारी. एके काळी इथे दगडखाणी होत्या. १९८६ च्या करारानं सुमारे २३० एकर जमीन बिल्डरला ८० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळाली, दर एकरी ४० पैसे! अट एवढीच, की सामान्यांना परवडतील अशी लहान घरं बांधायची. ती घरं कुठे गेली, हे विचारायला २०१२ मध्ये उच्च न्यायालयाला मधे पडावं लागलं. या दरानं माझ्या पार्किंगच्या जागेचं भाडं किती होईल, याचा मी एकदा हिशेब मांडला. एवढं बारीक नाणं टाकसाळीनं कधी पाडलेलंच नाही.

आमच्यावर पहिली लेखी तक्रार झाली ती पिंपावरून. डोंबिवलीहून येताना बायकोनं निळं प्लॅस्टिकचं पिंप हट्टानं आणलं होतं. ते बाल्कनीत ठेवल्यानं इमारतीच्या शोभेला बाधा येते, असं समोरच्या विंगेतल्या एका सद्गृहस्थांचं म्हणणं पडलं. आम्ही पिंप आत घेतलं, पण रिकामं ठेवलं नाही. ती सवय डोंबिवलीच्या हाडात असते.

मग मे महिन्यात कुठेतरी मोठी जलवाहिनी फुटली. दुपारपर्यंत टाक्या कोरड्या पडल्या, टँकर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर अडकला आणि रोमन खांबांखाली हाहाकार माजला. मॉड्युलर किचन, इटालियन संगमरवर, सगळं होतं, पण घरात बादली कुणाकडे नव्हती! फुलेनगरहून येणाऱ्या आमच्या ताई त्या दिवशी घरोघरी तज्ज्ञ सल्लागार म्हणून फिरत होत्या. आणि त्यांना मुख्य लिफ्टनं नेलं जात होतं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात समोरच्या विंगेतले तेच सद्गृहस्थ, हातात वाइन गार ठेवायची चकचकीत बादली. "थोडं मिळेल का?" बायकोनं पिंपावरचं झाकण असं काही उघडलं, की बँकेत लॉकर उघडणारा अधिकारीही लाजला असता. तिनं दोन तांबे मोजून ओतले. वर "जपून वापरा हं" असं बजावलंही.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. ग्रुपवर पहिला निरोप पडला: 'पाणी जरा कोमट वाटतंय, कमिटीनं लक्ष घालावं.' ताई पुन्हा सर्व्हिस लिफ्टनं वर आल्या.

तेव्हा पवईत घर बघायला आलात तर तलाव दिसतो का हे खुशाल बघा. पण न्हाणीघरात पिंप मावतं का, तेही एकदा मोजून घ्या. एजंट ते आपणहून दाखवत नाही.