घंगाळ आहे का?

रविवारी पावणेसातला आमची बेल वाजवणारा एक तर दूधवाला असतो, नाहीतर काका. दूधवाला पिशवी अडकवून निघून तरी जातो. काका दारात उभे राहतात. खांद्यावर त्यांच्याच उंचीची एक वाळकी फांदी, पायजम्याला टेकडीवरची कुसळं आणि चेहऱ्यावर नुकतीच नात झाल्यासारखा आनंद.

"तुमच्याकडे ते घंगाळ होतं ना हो? आजीचं?"

घंगाळ आहे. पण त्यात आमचे कांदे असतात. मी तसं सांगतो.

"कांदे काय हो, कुठेही राहतील," काका म्हणतात, "ह्या फांदीला मात्र पितळच लागणार."

माणूस एकदा पुष्परचनेच्या नादी लागला की त्याच्या लेखी जगात दोनच गोष्टी उरतात. एक फूल आणि दुसरं ते ज्यात खोचता येईल ते. आमच्या इमारतीतल्या एकाही बिऱ्हाडाचा भांड्यांचा संच आता पुरा नाही. तळमजल्यावरच्या आजींचा फिरकीचा तांब्या, दुसऱ्या मजल्यावरची लोणच्याची बरणी, कोणाचं पंचपात्र, कोणाचं दगडी खलाचं नुसतं भांडं (बत्ता परत आला), सगळं फिरत फिरत काकांच्या दिवाणखान्यात जमा होतं. काका बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे नोंद चोख. कोणाचं काय, कधी नेलं, ते वहीत लिहिलेलं असतं. परतीचा रकाना मात्र वहीत नाही.

हा माणूस एकटा नाही, ही एक जात आहे. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी तो सोसायटीच्या बागेच्या समितीत शिरतो, दुसऱ्या वर्षी टेकडी चढायला लागतो आणि तिसऱ्या वर्षी त्याला कोणीतरी इकेबानाच्या वर्गाला नेतं. पहिल्या दोन पायऱ्यांवरून माणसं परत आलेली मी पाहिली आहेत.

त्याला फुलं चोरणाऱ्यांत मात्र धरू नका, काकांना ते फार लागतं. पहाटे साडेपाचला काठीला आकडा बांधून, पिशवी घेऊन, दुसऱ्याच्या कुंपणावरची फुलं देवासाठी ओढणारे, ते वेगळे. त्यांचं आणि काकांचं वैर आहे. खरं तर असायचं कारण नाही. पूजावाल्याला फूल हवं, देठ नको. रचनेवाल्याला लांब देठ हवा, फूल एखादं असलं तरी भागतं. एकाच जास्वंदीवर दोघे गुण्यागोविंदाने नांदू शकतील. एकाने मुंडकं न्यावं, दुसऱ्याने धड. झाड ज्याचं आहे त्याला मुळं राहतातच.

"मी तोडत नाही, छाटणी करतो," हे काकांचं ठरलेलं वाक्य. टेकडीवर तेवढंही नाही, तिथे फक्त पडलेलं उचलायचं. अपवाद गिरिपुष्पाचा. वेताळ टेकडीवर वनखात्याने लावलेलं हे झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं, हे काकांना कळल्यापासून त्याच्या बाबतीत त्यांचं मन एकदम स्वच्छ झालं आहे. फेब्रुवारीत त्याच्या निष्पर्ण फांद्या गुलाबी फुलांनी भरल्या की ते कात्री घेऊन निघतात. परक्या देशातून आलेल्या झाडाला काय आपलं म्हणायचं? हे म्हणताना त्यांच्या हातातली कात्री जपानी असते.

वर्ग तीन महिन्यांचा होता. त्याआधी काकांकडे फुलं आम्हा सर्वांसारखीच असायची, म्हणजे पेल्यात कोंबलेली. वर्गानंतर 'शिन, सोए, हिकाए' आलं. तीन मुख्य रेषा, प्रत्येकीची लांबी ठरलेली, कोन ठरलेला. फुलांना टोचून उभं करायची खिळ्यांची जड चकती आली. एकच आली, कारण किंमत ऐकून काकूंनी दुसरी येऊ दिली नाही. बाकीच्या रचना त्यामुळे अर्ध्या कापलेल्या बटाट्यावर उभ्या राहतात. "परवा रस्साभाजीतल्या फोडीला सात भोकं होती," काकू म्हणाल्या, "मोजली मी." काकूंनी केळीचा खुंट सुचवून पाहिला, त्यात फुलं छान रुततात आणि ओलही टिकते. पण काका म्हणाले, तो सत्यनारायणाला शोभतो.

देठ नेहमी पाण्याखाली आणि तिरका कापायचा, म्हणजे आत हवा शिरत नाही आणि देठ भांड्याच्या बुडाला चपटा बसत नाही. पाण्यात बुडणारी पानं आधी काढून टाकायची, ती कुजली की पाणी घाण होऊन फुलं लवकर मान टाकतात. हे सारं खरं आहे, उपयोगाचंही आहे. पण गॅसचा सिलिंडर घेऊन चार मजले चढून आलेल्या माणसाला हे उभ्याउभ्या ऐकून घ्यावं लागतं, तेव्हा त्याचीच मान तिरकी झालेली असते.

सगळ्यात जाच आहे तो रिकाम्या जागेचा. काकांच्या टीपॉयवर एका कडेला घंगाळ (आमचं), त्यातून एक फांदी डावीकडे झुकलेली, आणि उरलेला दोन फूट टीपॉय मोकळा. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तिथे चहाचा कप ठेवला.

"तिथे नको."

"रिकामं आहे की."

"रिकामं नाही. ती जागा रचनेत आहे."

तेव्हापासून त्या घरात चहा बशीसकट मांडीवर घेऊन प्यायचा असतो. काकूंचा चष्मा, औषधं आणि रिमोट हे तिघे त्या रिकाम्या जागेमुळे बेघर झाले आहेत.

काकांना महिना कॅलेंडरवरून कळत नाही. काटेसावरीचं फूल फुटपाथवर थप्प करून पडलं की थंडी सरली. पळसाला एक पान नाही आणि फांदीफांदीला केशरी चोची फुटल्या की शिमगा जवळ आला. महाराष्ट्र दिनाच्या सुमाराला ताम्हण जांभळी होते, आणि ती राज्यफूल असल्यामुळे १ मेला सोसायटीच्या झेंड्याखाली तिचाच तुरा असतो. फुलवाल्याकडे काका जात नाहीत. मावळातल्या पॉलिहाऊसमधले गुलाब फेब्रुवारीत परदेशी निघतात, तर सुखाने जावोत म्हणतात. जरबेराबद्दल त्यांचं मत असं, की बारा महिने मिळतं ते फूल नव्हे, तो पुरवठा. जानेवारीत ते एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला मात्र न चुकता जातात आणि न चुकता नाराज होऊन येतात. "डेलिया! कोबीएवढा डेलिया! आणि लोक त्याच्याबरोबर फोटो काढतायत!"

बहाव्याने त्यांना एकदा तोंडघशी पाडलं. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस, असं जुनी माणसं सांगतात. गेटजवळचा बहावा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पिवळाधम्मक झाला, तशी काकांनी सूचनाफलकावर तारीखच लावली, खाली सहीसकट. बँकेच्या माणसाची सही म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग त्या तारखेच्या आत उरकायचं ठरलं, दोन घरच्या कुरडया गच्चीवर पसरल्या. अठराव्या दिवशी धो धो कोसळला. ओल्या कुरडयांची परात घेऊन एक वहिनी थेट काकांच्या दारात.

"तो वळीव," काका शांतपणे म्हणाले. "तो जमेत धरायचा नाही."

प्राजक्ताचं प्रकरण त्याहून जुनं. झाड सत्यभामेच्या अंगणात आणि फुलं रुक्मिणीच्या, ही गोष्ट सगळ्यांना माहीत. आमच्याकडे झाड बी विंगचं आणि सडा सी विंगमधल्या एका पांढऱ्या गाडीवर. श्रावणापासून दिवाळीपर्यंत रोज सकाळी ती गाडी अशी सजते, जणू तिच्यातून नवरा निघणार आहे. दवाने भिजलेल्या देठांचे केशरी डाग बॉनेटवर पडतात, अशी लेखी तक्रार आली. काकांनी लेखी उत्तर दिलं की पूर्वी लोक हेच देठ वेचून, उकळून कापड रंगवत, आपणांस हे विनामूल्य होत आहे. ते पत्र अजून सोसायटीच्या फाइलला आहे.

काकांना मानत नाहीत त्या एक कामाच्या मावशी. त्या मुळशीकडच्या. पावसाळ्यात काका कुर्डूचे गुलाबी तुरे आणतात. ते सुकले तरी रंग बरेच दिवस धरतात, म्हणून रचनेला फार सोयीचे. काकांनी त्यांना लोणच्याच्या बरणीत पंचेचाळीस अंशांत झुकवलं आणि मागे सरून एक डोळा मिटला.

"भाजी वाया घालवली," मावशी झाडू मारता मारता म्हणाल्या.

"ही भाजी नाही, मावशी. हे फूल आहे."

"फूल आलं म्हणजे वायाच गेली की. कवळी असतानाच खुडायची."

तेरड्याचंही तेच. काका त्याच्या रेषेबद्दल बोलत होते, मावशींच्या डोळ्यांपुढे मुखवटा लावायच्या आधीची गौर होती. "तीन दिवसांचा रंग," एवढंच त्या म्हणाल्या, आणि तिसऱ्या दिवशी खरोखरच टीपॉयवर नुसती काडी उरली. पण खरा घाव कारवीचा. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, सगळा डोंगर एकदम जांभळा होतो, तो योग काकांनी गाडी करून, दुर्बीण घेऊन साधला होता आणि पुढचे चार महिने सगळ्यांना ऐकवला होता. मावशींनाही ऐकवला.

"आमच्या घराच्या भिंतीच कारवीच्या होत्या," मावशी म्हणाल्या. "कूड घालायचा, वरनं शेणानं लिंपायचा."

ज्या वस्तूसाठी आपण सात वर्षं थांबलो तिच्यात ही बाई लहानाची मोठी झाली, हे पचवायला काकांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मावशींना विचारलं, गावाकडे एखादी जुनी कारवीची काठी मिळेल का. शेण लागलेली असली तर उत्तम.

कासच्या पठाराला आम्ही त्यांच्याबरोबर गेलो होतो, सप्टेंबरात. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेलं, आणि तिथल्या पानालाही हात लावायची सोय उरली नाही, हे योग्यच आहे. काका दिवसभर हात पाठीमागे बांधून फिरले. एकीकडे गेंदांचे पांढरे गोंडे, दुसरीकडे कवल्याचा पिवळा गालिचा, मधेच सीतेच्या आसवांची निळाई. ही आसवं किडे खातात हे कळल्यावर आमच्या धाकट्याचा रामायणावरचा विश्वासच डळमळला. काका गप्प होते. मला वाटलं, भारावले असतील. परतताना गाडीत त्यांनी तोंड उघडलं.

"छान आहे. पण गर्दी फार झालीय हो. जरा विरळ करायला हवं."

निसर्गाला इतक्या आपुलकीने नापास करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि त्याच दिवसांत कळलावी फुललेली असते. हा योगायोग एका वर्षी काकांनी जुळवून आणला. अध्यक्षांच्या टेबलावर त्यांनी रचना मांडली. लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या, उलट्या वळलेल्या पाकळ्या, टोकाला ताणे फुटलेली पानं, खाली दुसऱ्या मजल्याचं ताम्हन. दिसत फार सुरेख होती. विषय क्रमांक चार, पार्किंग. हा विषय आमच्याकडे इमारतीच्या पायापासून पेटलेला आहे. दहा मिनिटांत दोन सभासद खुर्च्यांवर उभे, एकाने राजीनामा दिला, दुसऱ्याने तो फाडला, तिसरा म्हणाला फाडायचा अधिकार फक्त सचिवांचा.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजींनी चष्मा सारखा केला. "अगंबाई, ही कळलावी कोणी आणून ठेवली?"

घरात कळलावी आली की भांडणं लागतात, हे आजींनी सगळ्यांना समजावून सांगितलं. काका सांगत राहिले की हे झाड औषधी आहे, विष आहे ते मुख्यतः त्याच्या कंदात, आणि विषालाही उपयोग आहे. 'विष' एवढाच शब्द सभेला ऐकू गेला. ठराव झाला, एकमताने. आमच्या सोसायटीच्या इतिहासात एकमताने झालेला हा एकमेव ठराव, की सभेच्या टेबलावर यापुढे फुलं नकोत. इतिवृत्तात तो काकांनीच लिहून घेतला आणि खाली कंसात 'सूचक अनुपस्थित असते तर बरे' असं घातलं.

काकूंबद्दल मी फार लिहिलं नाही, कारण त्या फार बोलतच नाहीत. पण परवा त्या बोलल्या. लग्नाला अडतीस वर्षं झाली त्या दिवशी मी शुभेच्छा द्यायला गेलो होतो. काकूंनी माझ्यासमोर हिशेब मांडला. घरात अडतीस वर्षांत फुलं किती आली, तर मोजदाद नाही. त्यांच्या केसांत किती आली, तर शून्य. गजऱ्यात रेषा नसते, असं काकांचं म्हणणं. सगळी फुलं सारखी, सगळी खालच्या मानेने, रिकामी जागा कुठेच नाही.

काका उठले, चपला घातल्या, आणि ज्या दुकानाची पायरी इतकी वर्षं चढले नव्हते तिथून अबोलीचा गजरा घेऊन आले, मध्ये मरव्याच्या काड्या घातलेला. पानाची पुडी सोडली. काकू लाजल्या. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. काकांनी गजरा अंबाड्यावर माळला, दोन पावलं मागे सरले आणि एक डोळा मिटला.

"जरा मान डावीकडे," ते म्हणाले. "आणखी थोडी. पंचेचाळीस."

"अहो, मी काय घंगाळ आहे?" काकू म्हणाल्या.

काका मिटलेला डोळा न उघडता विचार करू लागले.