तक्रार बर्फाबाहेरची

कॅनडात मुलीला आइस हॉकीत घालायचं असेल तर ते वसंतात ठरवावं लागतं. ट्युलिप उमलायला लागलेले असतात, हिवाळी कोट नुकतेच धुऊन कपाटात गेलेले असतात, आणि त्याच दिवसांत पुढच्या मोसमाची नोंदणी सुरू होते. आपल्या घरात हॉकीचा विषय निघतो तो ऑक्टोबरात. गारठा पडतो, वर्गातली मुलं मोठाल्या पिशव्या ओढत रिंककडे जाताना दिसतात आणि लेक म्हणते, ‘आई, मला पण.’ चौकशी करावी तर जागा भरलेल्या असतात, नाव प्रतीक्षायादीत जातं. शाळेतून पोहण्याच्या वर्गाचे कागद येतात, लायब्ररीचे येतात, पिझ्झाच्या दिवसाचे येतात. हॉकीची नोंदणी कधी असते हे सांगणारा कागद आमच्या घरी कधीच आला नाही. इथे वाढलेल्या आईबापांना तो लागत नाही, कारण त्यांची स्वतःची नोंदणी त्यांच्या आईबापांनी त्याच महिन्यात केलेली असते.

माझी सगळी तक्रार या एकाच गोष्टीची आहे. या खेळाची प्रत्येक पायरी असं धरून चालते की मुलाचे आईबाप इथेच लहानाचे मोठे झाले. 1994 च्या कायद्याने हॉकी हा कॅनडाचा राष्ट्रीय हिवाळी खेळ झाला. 2002 सालच्या पाच डॉलरच्या नोटेवर गोठलेल्या तळ्यावर खेळणारी मुलं होती, आणि 2013 मध्ये नवी नोट येईपर्यंत ती छापली जात होती. एखादा देश खेळाला कायद्यात आणि नोटेवर जागा देतो, तेव्हा तो नव्याने आलेल्यांना समजावून सांगणं हेही कोणाचं तरी काम असायला हवं. मी ऑन्टारिओतल्या मिसिसागात राहते. इथली निम्म्याच्या आसपास माणसं दुसऱ्या देशात जन्मलेली आहेत. म्हणजे न कळणारी मी एकटी नाही.

पहिली अडचण वयोगटांची. हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये गटांची जुनी नावं काढून यू-7, यू-9, यू-11 अशी सरळ नावं दिली. चांगलं केलं. पण रिंकच्या बाकांवर अजून नॉव्हिस, अ‍ॅटम, पीवी हीच नावं चालतात. शेजारचे आजोबा सांगतात, ‘तिला नॉव्हिसमध्ये घाला’, आणि फॉर्मवर तो शब्दच सापडत नाही. शिवाय वय मोजतात ते कॅलेंडरच्या वर्षाने. माझी मुलगी डिसेंबरातली, त्यामुळे जानेवारीत जन्मलेल्या आणि तिच्याहून जवळपास वर्षाने मोठ्या मुलांशी तिची गाठ. सात वर्षांच्या वयात एक वर्ष म्हणजे फार मोठं अंतर असतं. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं वरच्या संघांत जास्त निवडली जातात, हे रॉजर बार्न्सली या कॅनडातल्याच मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात दाखवून दिलं. ते माहीत असूनही डिसेंबरातल्या मुलीच्या आईला ‘घाबरू नका, पहिली दोन वर्षं ती मागे वाटेल’ एवढं एक वाक्य कोणी सांगत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक निवड असते. ऑन्टारिओत मुलींची स्वतंत्र संघटना आहे आणि मुलामुलींच्या मिश्र संघातही मुलगी खेळू शकते. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. दोन्हींची माहिती एका जागी मिळत नाही.

मग फॉर्म. ऑन्टारिओत ‘रोवन्स लॉ’ नावाचा कायदा आहे. रोवन स्ट्रिंगर ही ओटावाची सतरा वर्षांची रग्बी खेळाडू 2013 मध्ये डोक्याला लागोपाठ बसलेल्या माराने गेली. त्यानंतर 2018 मध्ये हा कायदा झाला. नोंदणीच्या आधी डोक्याच्या दुखापतीची माहिती वाचून तशी कबुली द्यावी लागते. ती मी मनापासून वाचली आणि प्रत्येक आईने वाचावी असं मला वाटतं. बहुतेक संघटना आईबापांना बाकावरच्या वागणुकीचा एक ऑनलाइन अभ्यासक्रमही करायला लावतात. तोही रास्तच आहे, कारण बाकावरून पंचांवर ओरडणारे बाप मी पाहिले आहेत. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक गोष्ट वेगळ्या संकेतस्थळावर, वेगळ्या पासवर्डने, आणि आधी काय नि मग काय याचा पत्ता नाही. एक फॉर्म दुसऱ्याचा क्रमांक मागतो आणि तो क्रमांक तिसऱ्या ठिकाणी मिळतो.

आता सामान. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण पैसे इथे जातात आणि मुलाचं रडू इथेच येतं.

आपल्याकडे मुलांचे बूट वाढत्या पायाचे घेतात. पुढे कापूस कोंबायचा, वर्षभर चालवायचे. स्केटच्या बाबतीत ही काटकसर उलटते. हॉकीच्या स्केटचं माप नेहमीच्या बुटापेक्षा साधारण एक-दीड क्रमांकाने लहान असतं. स्केट मोठा झाला की घोटा आत लटपटतो, आणि मूल बर्फावर उभंच राहू शकत नाही. आपल्याला वाटतं, हिला जमत नाही. तिला जमत असतं, स्केट चुकीचा असतो. दुसरी गोष्ट, नव्या स्केटला वापरण्याजोगी धार नसते. ती लावून घ्यावी लागते. पात्याच्या तळाला लांबट पन्हळ कोरतात आणि त्या पन्हळीच्या दोन काठांवर खेळाडू तोललेला असतो. पन्हळीच्या गोलाईची त्रिज्या किती हवी, हे दुकानदार इंचाच्या अपूर्णांकात विचारतो. लहान मुलांना बहुधा अर्धा इंच चालतं. हे एवढं उत्तर आधी ठाऊक असेल, तर मागे रांग लागलेली असताना कोणालाही गोंधळून उभं राहावं लागणार नाही.

मग दुकानदार विचारतो, ‘स्टिक लेफ्ट की राइट?’ मुलगी उजव्या हाताने लिहिते, म्हणून भारतातून आलेला कुठलाही बाप ‘राइट’ म्हणेल. क्रिकेटमध्ये उजव्या फलंदाजाचा उजवा हात खाली असतो. आपल्या मैदानी हॉकीत तर डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिकच नसते, सगळेच डावा हात वर आणि उजवा खाली धरतात. कॅनडात मात्र उजव्या हाताची पुष्कळ मुलं लेफ्ट स्टिक घेतात. जो हात जास्त कामाचा तो वरच्या टोकाला, कारण एका हाताने स्टिक सांभाळायची वेळ आली तर ती वरच्या हाताने सांभाळायची असते. पातं वळलेलं असल्यामुळे घरी आल्यावर बाजू बदलता येत नाही. दुकानदाराने प्रश्नाऐवजी तिच्या हातात एक स्टिक दिली असती आणि ती कशी धरते ते पाहिलं असतं, तर काम अर्ध्या मिनिटात झालं असतं. उंचीचंही तसंच. अनवाणी उभं राहिल्यावर स्टिक साधारण नाकापर्यंत यावी, स्केट घातल्यावर हनुवटीपर्यंत.

बाकीच्या वस्तू: सीएसएचं प्रमाणपत्र चिकटवलेलं हेल्मेट आणि त्याला तोंडावरची जाळी, गळ्याला बीएनक्यू प्रमाणित नेक गार्ड, खांद्याचे पॅड, कोपरांचे पॅड, हातमोजे, जाड चड्डी, आतलं (जांघेचं) संरक्षण, नडगीचे पॅड, त्यावर मांडीपर्यंतचे मोजे, दातांसाठी माउथगार्ड. हेल्मेटचा तो स्टिकर सोलून टाकू नये. मुलांना स्टिकर सोलायला फार आवडतात, म्हणून मुद्दाम सांगते. नेक गार्डबद्दल कुरकुर करू नये. ऑक्टोबर 2023 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला सामना चालू असताना अ‍ॅडम जॉन्सन हा खेळाडू गळ्याला स्केटचं पातं लागून गेला. कॅनडातल्या बालहॉकीत नेक गार्ड त्याआधीपासूनच सक्तीचं होतं, आणि ते बरोबर होतं.

टेपही दोन प्रकारची लागते. स्टिकला कापडी आणि मोज्यांवरून नडगीला पारदर्शक. एकीने दुसरीचं काम होत नाही.

हे सगळं अंगावर चढवण्याचा क्रम असतो. आतलं संरक्षण, नडगीचे पॅड, मोजे, चड्डी, स्केट, मग वरचं अंग, मग नेक गार्ड, जर्सी, हेल्मेट, आणि हातमोजे अगदी शेवटी. चड्डीच्या आधी स्केट घातले की सगळं काढून पुन्हा सुरुवात. ड्रेसिंग रूममध्ये शेजारचे वडील मुलाशी गप्पा मारत पाच मिनिटांत मोकळे होतात, नवे पालक मात्र ओल्या रबराच्या जमिनीवर गुडघे टेकून लेस ओढत बसतात. लहान मुलांच्या बोटांत लेस आवळण्याची ताकद नसते, त्यामुळे आवळायच्या आपणच, आणि तेही घोट्याजवळ घट्ट व पंजाजवळ जरा सैल. सगळं बांधून झालं की मूल म्हणतं, ‘आई, शू.’ घरून निघण्याआधी आणि रिंकवर पोचताच, दोन्ही वेळा स्वच्छतागृहात न्यावं. ही सूचना प्रत्येक रिंकच्या दारावर लावावी अशी माझी विनंती आहे.

वेळेबद्दल थोडंच बोलते. सर्वांत लहान मुलांना सर्वांत पहाटेची वेळ मिळते. जानेवारीत उणे पंधरात गाडीवरचा बर्फ खरवडून सहा वर्षांच्या पोराला सकाळी सहाला रिंकवर आणायचं, हे ठरवणाऱ्या माणसाने लहान मुलाला झोपेतून उठवलेलं नसावं. बर्फाचे तास कमी आणि मागणारे फार, हे मला मान्य आहे. तरी वेळापत्रक आदल्या आठवड्यात कळावं, आदल्या रात्री नको.

खेळातल्या चांगल्या गोष्टीही कोणी सांगत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. लहान गटांत हॉकी कॅनडाने पूर्ण रिंकऐवजी अर्ध्या रिंकवरचा खेळ सक्तीचा केला आहे. अख्खा रिंक 200 फूट लांब असतो, सहा वर्षांचं मूल त्यावर नुसतं पळत राहतं आणि पक, म्हणजे चेंडूऐवजीची रबरी चकती, त्याच्या वाट्याला येत नाही. पकही त्यांच्यासाठी हलका, निळा, चार औंसांचा. मोठ्यांचा काळा पक सहा औंसांपर्यंत असतो. त्यामागे एवढा विचार आहे. बाकावरच्या नव्या पालकांना मात्र वाटतं, आपल्या मुलाला अर्धीच जागा देऊन फसवलं.

पैशांचंही तेच. मुलांच्या खेळाच्या खर्चावर केंद्र सरकार करात सवलत देत असे, ती 2017 पासून बंद झाली. ती परत यावी असं माझं स्पष्ट मत आहे. जंपस्टार्ट, किडस्पोर्ट अशा संस्था कमी उत्पन्नाच्या घरांना नोंदणीचे पैसे देतात. नवशिक्यांना डोक्यापासून पायापर्यंतचं सामान आणि बर्फावरची काही सत्रं एकत्र देणारा ‘फर्स्ट शिफ्ट’ नावाचा उपक्रमही आहे. ज्यांना याची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यापर्यंत ही नावंच पोचत नाहीत. कित्येक घरांत ‘तो श्रीमंतांचा खेळ’ म्हणून विषय संपतो.

समजावून सांगितलं की काय होतं, हे पाहायला आमच्या शेजारी, पंजाबी घरांच्या ब्रॅम्प्टनला जावं. 2008 मध्ये एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगच्या सामन्यांचं पंजाबीतून समालोचन सुरू झालं. आजीआजोबांना खेळ आपल्या भाषेत कळू लागला आणि घराघरांत नातवंडांबरोबर सामने बघितले जाऊ लागले. मराठीतून समालोचन व्हावं इतकी आपली संख्या नाही. एक पानभर माहिती मराठीत लिहायला मात्र संख्या लागत नाही.

हॉकी संघटनांना माझी मागणी साधी आहे. नोंदणीची तारीख, वयोगट, फॉर्मचा क्रम, सामानाची यादी, मापं आणि मदत देणाऱ्या संस्थांची नावं एका पानावर छापा आणि मार्च महिन्यात शाळांमधून घरी पाठवा. आणि इथल्या मराठी घरांना विनंती: तुमच्या तळघरात मुलांना लहान झालेले स्केट आणि पॅड पडून असतील तर मराठी मंडळाच्या गटावर कळवा. ते घ्यायला जे कुटुंब येईल त्याला अर्धा तास बसवून घ्या, आणि वर लिहिलंय ते सगळं सांगा.