डोंगरसायकलस्वार, नगरी

अहिल्यानगर शहराच्या सावेडी, भिंगार, केडगाव या भागांत अलीकडे आढळू लागलेला डोंगरसायकलस्वार हा साधारणपणे चाळिशी ओलांडलेला, स्वतःचा दवाखाना, दुकान किंवा औद्योगिक वसाहतीत बरा हुद्दा असलेला आणि रक्ततपासणीच्या एखाद्या अहवालामुळे निसर्गप्रेमी झालेला गृहस्थ असतो. रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या सामान्य हौशी मंडळींपासून तो स्वतःला कटाक्षाने वेगळा ठेवतो. डांबर ही त्याच्या मते मनुष्याच्या दुबळेपणाची खूण असून, जिच्यावरून सायकल न्यावी असे आजवर कोणाच्याही मनात आले नाही तीच वाट सायकलीसाठी योग्य, हे त्याचे मूळ तत्त्व होय.

या छंदाचा उगम १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात झाला. तेथील काही तरुणांनी जुन्या, वजनदार, जाड टायरांच्या सायकली टमाल्पाइस डोंगराच्या परिसरातील कच्च्या वाटांवरून खाली सोडण्याचा उद्योग आरंभला, आणि उतारावर मागचा ब्रेक इतका तापे की हबमधले वंगण जळून जाऊन ते पुन्हा भरावे लागे, म्हणून त्यांच्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या प्रकाराला स्थान मिळाले. नगरमध्ये जाड टायर आणि सरळ हँडलची सायकल तोवर ‘रेंजर’ म्हणून घरोघरी पोहोचली होती, परंतु तिच्यावर बसून मुले शिकवणीला जात असत आणि तिला डोंगर दाखवावा असे कोणाही पालकाला वाटले नव्हते.

आजच्या सायकलीचे दोन मुख्य प्रकार आहेत. केवळ पुढच्या चाकाला धक्के शोषणारी यंत्रणा असते ती ‘हार्डटेल’ आणि दोन्ही चाकांना असते ती ‘फुल सस्पेन्शन’. पहिलीचा मालक दुसरीच्या मालकाला ऐषारामी समजतो, आणि पैसे जमले की स्वतः दुसरी घेतो. दोन्हींना स्टँड, कॅरिअर, मडगार्ड आणि घंटा यांपैकी काहीही नसते, म्हणजे ज्या गोष्टींमुळे एखादी वस्तू सायकल म्हणून ओळखली जाते त्या काढून टाकण्याचेच बरेचसे पैसे पडतात. या किमतीचे तीन आकडे प्रचलित असतात: घरात सांगितला जाणारा सर्वांत लहान, सोबत्यांमध्ये सांगितला जाणारा सर्वांत मोठा, आणि दुकानदाराने बिलावर लिहिलेला, जो इतर दोहोंच्या मध्ये कोठेतरी, गाद्यांखाली, जपून ठेवलेला असतो.

नगरच्या आसपासचे डोंगर हे हरिश्चंद्र-बालाघाट रांगेचे ठेंगणे फाटे असून शहराच्या पातळीपासून ते फार तर दोन-तीनशे मीटर वर उठतात. पाऊस कमी, जमीन मुरमाड, आणि वन म्हणावे तर गिरिपुष्प, बाभूळ, बोर व हिवर यांची विरळ सावली. या वनाची खरी संपत्ती काटे ही आहे. पावसाळ्यानंतर जमिनीवर पसरणारा सराटा टायरमध्ये शिरण्याच्या बाबतीत गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही. त्यावर उपाय म्हणून ‘ट्युबलेस’ टायरमध्ये भोक आपोआप बुजवणारा पांढरा चिकट द्रव भरला जातो, आणि तो द्रव भोकापेक्षा कपड्यांवर अधिक निष्ठेने चिकटतो. ‘सिंगल ट्रॅक’ म्हणजे एका वेळी एकच सायकल जाईल इतकी अरुंद वाट. नगर तालुक्यात अशा वाटा आखण्याचे सारे काम शेळ्यामेंढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या विनामोबदला केलेले आहे, आणि मेंढीला जिकडे पाला दिसतो तिकडे वाट वळत असल्याने तिच्या वळणांत चालकाची सोय कोठेच पाहिलेली नसते.

याहून कठीण प्रसंग मृदसंधारणाचा. पावसाचे पाणी उतारावरून वाहून न जाता मुरावे म्हणून समान उंचीच्या रेषेवर, उताराला आडवे, एकाखाली एक खोदलेले सलग समतल चर हिवरे बाजारसारख्या गावांनी डोंगरांवर घेतले, त्यातून विहिरींना पाणी आले आणि हे गाव देशभर अभ्यासाचा विषय झाले. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा शाळेत असताना आपल्या सायकलस्वारानेही दिलेली असते. परंतु वेगात उतरताना गवताआड दडलेला पहिला चर त्याला अडवतो, दुसरा त्याची जिरवतो, आणि जलसंधारणाविषयीची त्याची मते त्यानंतर काही दिवस अत्यंत संकुचित राहतात. के. के. रेंज या लष्कराच्या सरावक्षेत्रातले उतार मात्र जिल्ह्यात सर्वोत्तम आहेत, असे तो छातीठोकपणे सांगतो. तेथे तोफगोळे पडत असल्यामुळे हे विधान आजवर कोणी तपासलेले नाही.

चढावर सायकल चालेनाशी झाली की ती खांद्यावर घेऊन चालण्यालाही या शास्त्रात ‘हाइक-अ-बाइक’ असे मानाचे नाव आहे. नेमक्या अशाच वेळी भेटणारा मेंढपाळ “सायेब, पंक्चर झाली का?” असे कळवळून विचारतो, आणि “नाही मामा, हौस आहे,” हे उत्तर ऐकून अधिकच हळहळतो. मनगटावरील यंत्र अधिक समंजस असते. चालक थांबला की तेही वेळ मोजायचे थांबते, त्यामुळे झाडाला टेकून धापा टाकण्यात गेलेला काळ जगाच्या नोंदीत राहत नाही आणि सरासरी वेग शाबूत राहतो.

पावसाळ्यात हा गृहस्थ सायकल मोटारीच्या पाठीवर बांधून अकोले तालुक्यात जातो. घाटघर, रतनवाडी, साम्रद ही गावे त्याला तोंडपाठ असतात. १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात शिरताना तो आवाज बारीक करतो, कारण झाडीत बिबट्या असणार, अशी त्याची खात्री असते. वास्तविक वन्यजीव-संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या परिसरात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले होते, आणि तो परिसर घनदाट अरण्याचा नसून उसाच्या फडांचा, वस्त्यांचा आणि भरपूर माणसांचा होता. म्हणजे ज्या शेताच्या कडेला मोटार उभी करून तो निर्धास्तपणे डबा उघडतो, तेथेही बिबट्या असू शकतो. पण उसात सायकल चालत नसल्यामुळे ऊस त्याच्या निसर्गात मोडत नाही.

त्याची नित्याची रविवारची मोहीम मात्र पाथर्डी रस्त्याला, ज्यावरील वास्तूला लोक चांदबिबी महाल म्हणतात त्या डोंगराची असते. ती वास्तू चांदबिबीची नसून मूर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची अष्टकोनी, तीन मजली कबर आहे, ही माहिती तो प्रत्येक नवशिक्याला प्रत्येक वेळी देतो, कारण तेवढ्या वेळात दम परत येतो. वरपर्यंत मोटारीचा रस्ता आहे. त्या रस्त्याने वर जायचे, शेवटच्या टप्प्यात थोडे आडवाटेला शिरून चाकांना माती लावून घ्यायची आणि छायाचित्र काढायचे, हा क्रम ठरलेला असून माती झटकण्यास सक्त मनाई असते. परतीची वाट बहुधा आगडगावावरून जाते, आणि ती वाट जवळची नाही. तेथील भैरवनाथाच्या देवस्थानात रविवारी आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. जहाल, तर्रीदार आमटीत बाजरीची भाकरी कुस्करताना मनगटावरचे यंत्र जाळलेल्या उष्मांकांचा आकडा दाखवत असते, आणि तो आकडा पाहूनच दुसरी भाकरी मागवली जाते. तिसरीच्या वेळी यंत्र बाहीखाली जाते.

दोन-तीन वर्षांनी गुडघा बोलू लागतो किंवा फुल सस्पेन्शन खुणावू लागते, आणि जुनी सायकल विकायला निघते. जो मनुष्य इतके दिवस तिच्यावर आपण कोणते कडे उतरलो हे ज्याला त्याला सांगत होता, तोच मग स्वतःच्या हाताने जाहिरात लिहितो: “एकहाती वापर, फक्त रविवारी, डांबरी रस्त्यावर, डोंगरावर एकदाही नेलेली नाही.” गिऱ्हाईक सायकल उलटी करून टायर पाहते आणि त्याचा पहिल्या वाचनातच विश्वास बसतो.