ज्ञानाची तहान, छत्तीस महिने

पुण्यातला मुलगा बी.ई. झाल्याबरोबर एम.एस.साठी अमेरिकेला का पळतो, याचं अधिकृत उत्तर त्याच्या अर्जासोबतच्या निबंधात असतं: लहानपणी घरातला रेडिओ उघडून पाहिला, तेव्हापासून संशोधनाची ओढ. (आकाशवाणीचे श्रोते कुठे गेले, त्याचाही उलगडा इथेच होतो.)

अनधिकृत उत्तर अमेरिकेच्या व्हिसाच्या नियमांत आहे. शिक्षणानंतर १२ महिने तिथे काम करायची मुभा. विषय विज्ञान-तंत्रज्ञानातला असेल, तर आणखी २४. शिवाय एच-वन-बी व्हिसाच्या वर्षाकाठच्या ८५,००० जागांपैकी २०,००० तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी राखीव. एरवी राखीव जागांवर जेवणाच्या टेबलाशी तावातावाने बोलणारं घर या २०,००० जागांबद्दल अवाक्षर काढत नाही. उलट त्यांच्यासाठी फ्लॅट गहाण टाकतं.

ज्यांच्याकडे गहाण टाकायला फ्लॅट नाही, ते एम.टेक.साठी गेट परीक्षा देतात. तिथे महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. खोलीभाडं आणि मेस यांत ते संपतं. पण खरी कमाई वेगळीच. लग्नाच्या मांडवात काकांनी ‘सध्या काय चाललंय?’ विचारलं, की ‘नोकरी शोधतोय’ म्हणावं लागत नाही. दोन वर्षं सुटका. पीएच.डी. घेतली, तर काका थकेपर्यंत.

थेट नोकरीला लागणारेही असतात म्हणा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या ते मोबाइलवर एमबीएच्या कॅटचे व्हिडिओ बघतात.